पायऱ्या पाठ झाल्या, पुढे काय? नाशिकमधल्या नव्या प्रथमोपचार प्रशिक्षकांसाठी

प्रथमोपचार शिकवायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हा लेख आहे. नाशिकमध्ये असे बरेच जण आहेत: सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले सेफ्टी ऑफिसर, कॉलेजात एनएसएस सांभाळणारे शिक्षक, गिर्यारोहण संस्थांचे कार्यकर्ते, २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी स्वयंसेवक तयार करणारी मंडळी. कोर्स झालेला असतो, प्रमाणपत्र असतं, हातात पुस्तिका असते आणि पुस्तिकेत पायऱ्या असतात. पायऱ्या बरोबरच असतात. पण सभागृहात सतरंजीवर डमी ठेवून बिनचूक सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबणं) करणारा मुलगा एसटीत दोन बाकांच्या मधे माणूस कोसळलेला पाहिला की जागच्या जागी थांबतो. बाजूला गुडघे टेकायला जागा नाही, आणि त्याच्या पायऱ्यांची सुरुवात तर तिथूनच होते.

कृतीसोबत तिचं कारण शिकवलं की असा माणूस अडत नाही. दोन बाकांच्या मधून पेशंटला ओढून मधल्या मोकळ्या जागेत घ्यायचं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. मात्र कारण कळलेला माणूस कधीकधी भलतंच डोकंही चालवतो. म्हणून काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, या दोन्ही गोष्टी शिकवाव्या लागतात. त्याचा क्रम मी असा ठेवतो.

१. पहिल्या दिवशी काहीही बदलू नका

नवशिक्याला पहिल्याच तासाला 'प्रसंगानुसार ठरवा' असं सांगितलं तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. आधी थोड्या गोष्टी हाताला बसू द्या. जवळ जाण्यापूर्वी स्वतःला धोका नाही ना, हे बघणं. खांद्यावर थापटून हाक मारणं. श्वास चालू आहे का, हे दहा सेकंदांच्या आत ठरवणं. १०८ किंवा ११२ ला फोन, तोही 'कुणीतरी लावा' असं न म्हणता एकाकडे बोट दाखवून: 'दादा, तुम्ही लावा आणि काय म्हणाले ते मला सांगा.' वाहतं रक्त दाबून धरणं. बेशुद्ध आहे पण श्वास नीट चालू आहे, अशा माणसाला कुशीवर वळवणं. आणि सीपीआर: मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जाईल असा दाब, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणं, श्वास द्यायला शिकलेल्यांनी ३० दाबांमागे २ श्वास.

एवढं न अडखळता होईपर्यंत पुढे जाऊ नका. यात घाई झाली की पुढचं सगळं कच्चं राहतं.

२. प्रत्येक कृतीला 'कशासाठी?' जोडा

माझ्या मते अख्ख्या प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे वेळ घाला.

सुरुवात सीपीआरपासूनच करा. सामान्य नागरिकांनी फक्त छाती दाबत राहावी, तोंडाने श्वास देण्याच्या फंदात पडू नये, अशी सोपी पद्धत इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये मांडली. ती का चालते, हे वर्गाला विचारा. कामावर उभा असलेला माणूस हृदय बंद पडून अचानक कोसळतो, तेव्हा त्याच्या रक्तात काही मिनिटं पुरेल इतका ऑक्सिजन अजून असतो. थांबलेलं असतं ते फक्त रक्त फिरवणं. ते काम आपले हात करतात.

आता रामकुंडात किंवा गंगापूर धरणाच्या कडेला बुडालेला माणूस घ्या. त्याचा आधी श्वास थांबला, ऑक्सिजन संपला आणि मग हृदय थांबलं. नुसती छाती दाबून ऑक्सिजन नसलेलंच रक्त फिरणार. म्हणून बुडालेल्याला सुरुवातीलाच श्वास द्यायचे आणि मग दाब सुरू करायचे. सुरुवातीचे श्वास दोन द्यायचे की पाच, याबाबत अमेरिकन आणि युरोपीय मार्गदर्शक सूचनांत फरक आहे. तुमच्या अभ्यासक्रमात जे असेल तेच शिकवा, पण श्वास का द्यायचे हे सांगितल्याशिवाय पुढे सरकू नका. कारण समजलेल्याला 'मग पोट दाबून पाणी काढायचं ना?' या प्रश्नाचं उत्तरही आपोआप मिळतं. पोटातलं पाणी काढल्याने रक्तात ऑक्सिजन जात नाही. उलट पेशंटला उलटी होते, ती श्वासनलिकेत उतरते आणि हातातली मिनिटं जातात.

दुसरं उदाहरण भाजण्याचं. भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरा, असं आपण शिकवतो. सुरगाणा-पेठकडच्या आशाताई हे ऐकून घेतात आणि मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या पाड्यावर परत जातात. तिथे वाहतं पाणी आणायचं कुठून? इथेही 'कशासाठी' विचारा. कातडीच्या आत उतरलेली उष्णता बाहेर ओढून घ्यायची आहे, पाणी वाहणं हे त्याचं साधन. मग पिण्याचं पाणी पातेल्यात घेऊन हात त्यात बुडवून ठेवता येतो. पोट किंवा पाठ भाजली असेल तर स्वच्छ कापड त्यात भिजवून ठेवायचं, ते कोमट झालं की पुन्हा भिजवायचं. तेच पाणी पुन्हा वापरता येतं. टूथपेस्ट, हळद, बर्फ मात्र तिथेही नाही आणि इथेही नाही.

३. चार प्रश्न तोंडी बसवा

मला कशाचा धोका आहे? याचा जीव आधी कशाने जाईल? हाताशी काय आहे? मदत किती लांब आहे?

प्रत्येक सरावात, काही करण्याआधी, हे चार प्रश्न विद्यार्थ्याने मोठ्याने म्हणायचे. मनातल्या मनात म्हणू देऊ नका. मोठ्याने म्हटल्यावर तो नेमका कुठे चुकतोय हे तुम्हाला कळतं आणि सोबतच्यांनाही.

चौथ्या प्रश्नाकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून त्याचा वेगळा सराव घ्या. १०८ ला ठिकाण सांगायला लावा. 'द्वारकाजवळ अपघात झालाय' एवढं पुरत नाही. अपघात उड्डाणपुलावर आहे की खालच्या सर्व्हिस रोडला? पुलावर असेल तर मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला की धुळ्याकडे? चुकीच्या बाजूने पुलावर चढलेल्या ॲम्ब्युलन्सला मधेच खाली उतरता येत नाही. हायवेवर किलोमीटरचा दगड बघून आकडा सांगायचा, मळ्यात विजेच्या खांबावरचा नंबर वाचायचा आणि फाट्यावर एकाला उभं करायचं. हे न सांगता सुचत नाही, एकदा करवून घेतलं की विसरतही नाहीत.

४. जखम एकच ठेवा, जागा बदला

माझा सगळ्यांत आवडता सराव हा. हाताच्या पुढच्या भागावर खोल कापलंय, रक्त वाहतंय. सलाईनची नळी, बाटलीत लाल पाणी आणि बाटली दाबणारा एक सहकारी, एवढ्या सामानात जखम तयार होते. विद्यार्थ्याने नीट जागेवर पुरेसा दाब दिला तर पाणी थांबतं, नाही तर बाहीतून गळत राहतं.

पहिली जागा अंबडमधलं पत्र्याचं काम करणारं युनिट. इथे प्रथमोपचार पेटी असते. दर दीडशे कामगारांमागे निदान एक पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्रधारक माणूस, ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यानेच केली होती. हॉस्पिटल जवळ असतं. म्हणून मशीन बंद करायचं, हातमोजे घालायचे, गॉज ठेवून तळहाताने दाबायचं, पेशंटला खाली बसवायचं आणि दाब न सोडता गाडीत घालायचं. इथे विद्यार्थ्यांची एक सवय ठळक दिसते. थोड्या थोड्या वेळाने ते कापड उचलून 'थांबलं का?' म्हणून बघतात. त्यांच्या डोळ्यांसमोरच नळीतलं पाणी पुन्हा उसळू द्या. तिथे धरू पाहणारी गुठळी प्रत्येक वेळी निघून येते, हे त्याच क्षणी सांगा. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवायचं, खालचं सोलून काढायचं नाही.

दुसरी जागा दिंडोरीकडची द्राक्षबाग. मांडवाची ताणलेली तार तुटून तीच जखम झाली आहे. पेटी नाही, मोजे नाहीत आणि मदतीला धावलेल्याचे हात आत्ताच फवारणीच्या टाकीत होते. चार प्रश्नांतला तिसरा इथे कामाला येतो. डब्याची स्वच्छ पिशवी हातावर चढवली की तिचा मोजा होतो. धुतलेलं उपरणं किंवा ओढणी घडी करून दाबायला घ्यायची. पेशंट शुद्धीत असेल तर स्वतःच्या दुसऱ्या हाताने तोच दाबून धरू शकतो, हे फार थोड्यांना सुचतं. ॲम्ब्युलन्स मळ्यापर्यंत येण्याची वाट बघायची की पिकअप काढून डांबरी रस्त्यावर तिला गाठायचं, हे १०८ वर बोलूनच ठरवायचं.

तिसरी जागा हरिहर किल्ला, पावसाळ्यातला रविवार. पायऱ्या जवळजवळ उभ्या, खोबणीत हात अडकवून उतरायचं, वर-खाली माणसांची रांग. इथे वर्ग गप्प होतो, कारण हाताने दाब धरून ठेवला तर उतरायचं कसं? जखमीला उतरायला दोन्ही हात लागतात, मदतनिसालाही लागतात. म्हणून आधी रांग थांबवायची, पेशंटला रुंद जागी, कड्यापासून आत बसवायचं, पूर्ण दहा मिनिटं दाबायचं आणि मग घट्ट दाबपट्टी बांधायची. पट्टीखालची बोटं निळी-पांढरी पडत नाहीत ना, मुंग्या येत नाहीत ना, हे बघायचं. रक्त थांबलेलं नसेल किंवा त्याला गरगरत असेल तर उतरवायची घाई नाही. कोरडा कपडा, वरून प्लॅस्टिक किंवा रेनकोट, कारण भिजून गारठलेल्या शरीरात रक्त गोठायला वेळ लागतो. पायथ्याच्या गावात निरोप पाठवायचा. तिथल्या लोकांना वाटा आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.

तिन्ही जागांवर दाब तसाच राहिला. तो कशाने द्यायचा, किती वेळ, कोणत्या स्थितीत आणि पुढे कसं न्यायचं, हे बदललं. शेवटी विद्यार्थ्यांना हे फळ्यावर दोन रकान्यांत लिहायला लावा. तुम्ही लिहू नका.

५. सराव चालू असताना परिस्थिती पालटा

पंचवटी एक्स्प्रेस, सकाळची वेळ, इगतपुरी सुटून गाडी कसारा घाटात शिरली आहे. डब्यात एक काका कोसळतात, श्वास नाही. वर्गातल्या खुर्च्या डब्यासारख्या मांडा, मधे अरुंद वाट ठेवा आणि सराव सुरू करा. काकांना सीटवरून खाली घेतलंच पाहिजे, कारण मऊ गादीवर दाब छातीऐवजी गादीत जातो. मधल्या वाटेत बाजूला जागा नसेल तर गुडघे कुठे टेकायचे, हे त्यांचं त्यांना शोधू द्या.

मग मधेच म्हणा, 'बोगदा आला, नेटवर्क गेलं.' थोड्या वेळाने, 'दाबणारा दमला.' दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, हे आधीच सांगितलेलं असतं. तरी रांगेत पुढचा कोण हे कुणीच ठरवलेलं नसतं. मग एखादा म्हणतो, 'साखळी ओढतो.' हे ऐकायची मी वाटच बघत असतो. घाटात गाडी जिथे थांबेल तिथे ॲम्ब्युलन्स येणार कुठून? इथे गाडी चालू राहण्यातच पेशंटचं भलं आहे. टीसीला गाठायचं, नेटवर्क आलं की रेल्वेच्या १३९ वर कळवायचं, पुढच्या स्टेशनवर मदत उभी राहील असं बघायचं आणि तोवर हात थांबू द्यायचे नाहीत. हाच माणूस नाशिकरोडच्या प्लॅटफॉर्मवर कोसळला असता तर पहिलं काम स्टेशन मास्तरकडे माणूस धाडणं आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आहे का ते विचारणं.

एका सरावात दोन-तीनच बदल करा. त्याहून जास्त केलेत तर विद्यार्थी विचार करायचं सोडून तुमच्या पुढच्या आज्ञेची वाट बघतो.

६. डोकं कुठे चालवायचं नाही

जुळवून घ्यायला शिकलेला विद्यार्थी थोड्या दिवसांत धीट होतो आणि नको तिथे युक्ती लढवतो. इथे तुम्ही ठाम असायला हवं.

साप चावला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही, मंत्र-मुळीसाठी थांबणं नाही. गोंधळ होण्याची शक्यता खरी आहे, कारण हात-पाय तुटून जीव जाईल इतकं रक्त वाहत असेल तेव्हा काही अभ्यासक्रमांत आवळपट्टी शिकवतात. तीच पट्टी सापाच्या विषात अवयवाचं नुकसान करते आणि सोडल्यावर धोका वाढवते. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून समजवा. साप चावलेल्याने चालायचं नाही, कारण स्नायू हलले की विष लवकर पसरतं. मग पाड्यावरून रस्त्यापर्यंत न्यायचं कसं? घोंगडीची झोळी, खाट, पाठीवर, काहीही चालेल. इथे हवी तेवढी युक्ती लढवा. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा आणि सर्पदंशाची लस असलेलं सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे फोनवर विचारून निघा. मण्यारीबद्दल वेगळं सांगा. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, सूज जवळजवळ नसते, दुखतही नाही. पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात अशी तक्रार येते. 'सूज नाही म्हणजे विष नाही' हा निष्कर्ष जीवावर बेततो.

फवारणीचं औषध पोटात गेलं तर उलटी करवायची नाही. अंगावर सांडलं असेल तर कपडे उतरवून साबण-पाण्याने धुवायचं, धुणाऱ्याने स्वतःचे हात झाकायचे, तोंडाने श्वास द्यायचा नाही आणि औषधाची बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्यायचा.

विहिरीत किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरलेला माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे कुणीही उतरायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. आत विषारी वायू असतो किंवा ऑक्सिजन नसतो, आणि एकामागून एक उतरलेले सगळेच जातात. १०१ ला फोन आणि वरूनच जे करता येईल ते. विजेच्या बाबतीतही तसंच. मोटारीच्या स्टार्टर पेटीला चिकटलेल्याला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करायचा, आणि तार जमिनीवर पडलेली असेल तर महावितरणने पुरवठा बंद केल्याचं कळेपर्यंत लांब राहायचं.

आकडी आलेल्याच्या तोंडात चमचा-किल्ली नाही, नाकाशी कांदा-चप्पल नाही. रामकुंडाच्या पायरीवर आकडी आली तर पाण्यापासून बाजूला ओढणं, एवढाच बदल.

७. एकापेक्षा जास्त पेशंट

हा धडा स्वयंसेवकांसाठी, आणि तो सगळ्यांत अवघड. २००३ च्या सिंहस्थात झालेली चेंगराचेंगरी नाशिककर विसरलेले नाहीत. गर्दीत छाती दाबली जाऊन श्वास घ्यायलाच जागा उरत नाही. म्हणून आधी वरचा भार हटवणं, पाठीवर सरळ झोपवणं, हनुवटी वर करून श्वासाची वाट मोकळी करणं. सोबतच्यांनी पाठ आत आणि तोंड बाहेर करून कडं धरायचं, नाही तर जखमीवर पुन्हा माणसं येतात.

आणि इथे एकट्या पेशंटचा नियम उलटा होतो. समोर एकच जण असेल तर श्वास थांबलेल्यावर तुम्ही सीपीआर सुरू करता. दहा जण असतील आणि तुम्ही एकटे, तर वाट मोकळी करूनही जो श्वास घेत नाही त्याच्यापाशी थांबायचं नाही. 'ज्यांना चालता येतंय त्यांनी या बाजूला या' अशी हाक द्यायची, मग उरलेल्यांतले श्वास घेणारे पण गप्प पडलेले आधी बघायचे. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. विद्यार्थी यावर वाद घालतात, कधी रडू येतं. घालू द्या, थांबवू नका. तुमचे दोन हात त्या दहा मिनिटांत कुणाला वाचवू शकतात, एवढंच त्यांच्यापुढे ठेवा. मदतीला हात आले की त्या सोडलेल्याकडे परत यायचं, हेही त्याच वाक्यात सांगा.

८. सरावानंतरचं बोलणं आणि परीक्षा

सराव संपल्यावर 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणण्याआधी विचारा: काय दिसलं म्हणून हे केलंस? कृती चुकली पण कारण बरोबर होतं, असा विद्यार्थी लवकर सुधारतो. कृती बरोबर पण 'पुस्तिकेत तसंच आहे' असं उत्तर आलं, तर त्याला त्याच जखमेसाठी दुसरी जागा द्या.

रस्त्यावरच्या अपघाताचा सराव झाला की पोलिसांची भीती निघतेच. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातलं कलम १३४अ चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं आणि त्याच्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही, हे स्पष्ट सांगा. अनेकांचे पाय तिथेच अडलेले असतात.

परीक्षा सभागृहात घेऊ नका. जिन्यात घ्या, पार्किंगमध्ये घ्या, कारखान्यात पाळी बदलताना घ्या, जेव्हा आवाज असतो आणि माणसं मधे येतात. काही तरी काढून टाका: पेटी, फोन, एक हात. काही महिन्यांतच सीपीआरचा हात बसतो तसा सुटतोही, म्हणून पुढच्या उजळणीची तारीख वर्ग सुटायच्या आत ठरवा आणि ती वेगळ्या जागी ठेवा. बागेतल्यांची उजळणी छाटणीच्या ऐन धामधुमीत घेऊ नका, कुणी येणार नाही. छाटणी सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, मळ्यातच घ्या आणि डमी मांडवाखाली ठेवा.